कुमुदकाकूंची चाळण

“अगं बाई, फुटलं!”

कुमुदकाकू एवढ्या जोरात ओरडल्या, की गुहेच्या तोंडाशी माती भरणाऱ्या बायका टोपल्या टाकून धावत आल्या. त्यांना वाटलं माझंच काही बिनसलं. मला सातवा महिना लागला होता आणि माझ्या पोटाची काळजी त्या वस्तीवर माझ्याखेरीज सगळ्यांना होती.

“मी ठीक आहे गं,” मी म्हटलं. “हाड फुटलंय. वटवाघळाचं.”

“वाघळाचं?” सोनाबाई टेकाम कमरेवर हात ठेवून हसायला लागली. “मायवं! मले वाटलं आभायच फाटलं का काय!”

बायका हसत परत गेल्या. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या पुढ्यात काळं कापड ताणून बसवलेली थाळी होती. थाळीत तांदळाच्या कणीएवढा एक जबडा होता आणि त्यांच्या चिमट्याखाली त्याचे उभे दोन तुकडे झाले होते. त्या जबड्याला अजून आठवड्याभरात त्यांचंच नाव मिळायचं होतं.

हे जरा नीट सांगायला हवं.

देवपुजारी सर माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. नागपूरला शिकवायचे आणि थंडीचे दिवस सरता सरता दरवर्षी वणीच्या पलीकडच्या चुनखडीच्या टेकड्यांत येऊन राहायचे. तिथे दाभेझरी नावाची कोलाम आदिवासींची वस्ती आहे आणि वस्तीच्या वरच्या अंगाला एक गुहा. लोक तिला अंधारकोठी म्हणतात. हजारो वर्षं तिच्या छताला वटवाघळं लटकली, मेली, खाली पडली आणि मातीत गाडली गेली. आम्ही ती माती थराथरानं काढायचो, पोत्यात भरायचो, नाल्याच्या डोहात बारीक चाळणीनं धुवायचो, वाळवायचो. मग काकू ती निवडायला घ्यायच्या. काकूंनी भूगर्भशास्त्राचं एक पान वाचलं नव्हतं. पण सरांशी लग्न झाल्यापासून दर वर्षी त्या सरांबरोबर रानात येत, स्वयंपाक करत आणि दुपारी तांदूळ निवडावेत तशी हाडं निवडत बसत.

सरांना एकच गोष्ट शोधायची होती. आज उन्हाळ्यात भाजून निघणाऱ्या या मुलखात कधी काळी भरपूर पाऊस होता का? वटवाघळं हवेच्या बाबतीत मोठी नखरेल असतात. कुणाला दमट गुहा लागते, कुणाला कोरडी चालते. कुठल्या थरात कुणाची हाडं आहेत ते कळलं, की त्या काळची हवा कळते, असा सरांचा विचार. पण अंधारकोठीनं त्यांना कधी दाद दिली नाही. वरपासून खालपर्यंत एकच जात. पानासारख्या नाकाचं वटवाघूळ, शास्त्रात हिप्पोसिडेरोस म्हणतात त्यांतलं, जे आजही तिथे राहतं आणि कोरड्यातही जगतं, ओल्यातही. त्याच्यावरून काय कळणार, कपाळ!

त्या वर्षी मात्र अगदी तळाच्या थरात दुसरीच हाडं निघाली. ठेवण तीच, पण आकारानं निम्मी. सर आनंदानं वेडे झाले. नवी जात!

आणि नवी जात म्हणजे काय, तर काकूंना दिलेला शब्द. लग्न झाल्या झाल्या सर काकूंना म्हणाले होते, “एक तरी प्राणी तुझ्या नावाचा शोधीन.” त्यानंतर सगळं आयुष्य गेलं. एकदा चिचुंद्री सापडली, तर तिला कुणीतरी परदेशी माणसानं आधीच नाव ठेवलेलं निघालं. एकदा सरडा सापडला, त्याचंही तेच. घाई करणं हा सरांचा स्वभावच नव्हता. आमच्या शास्त्रात नव्या जातीला नाव दिलं, की त्या नावामागे देणाऱ्याचं आडनाव आणि साल लागतं. कायमचं. चुकलं, तर ती चूकही कायमची त्याच्या नावावर राहते. सर आम्हाला बजावायचे, “नाव ठेवणं सोपं असतं, पोरांनो. ते निभावणं कठीण.” एवढा विद्वान माणूस, पण एकाही जातीमागे त्यांचं आडनाव लागलेलं नव्हतं. आणि आता हा शेवटचा मोसम होता. उन्हाळ्यात सर निवृत्त होणार होते.

“हिप्पोसिडेरोस कुमुदे,” सर रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन म्हणायचे. “कसं वाटतं?”

“कसं वाटायचंय?” काकू चुलीवरून नजर न काढता म्हणायच्या. “माझ्या धाकट्या जावेच्या नावाचा बंगला आहे. बहिणीच्या नावाची साड्यांची पेढी आहे. आणि माझ्या नावाचं काय, तर वाघूळ. तेही मेलेलं!”

सर खो खो हसायचे. मला वाटायचं, काकूंना खरंच या सगळ्याचं काही नाही.

तर, जबडा फुटला तेव्हा सर वणीला गेले होते. दुसऱ्या दिवशी माझं डोहाळजेवण होतं. नागपूरला आई करणारच होती, पण काकूंनी इथलं आधी ठरवून टाकलं होतं आणि सरांना पेढे-बर्फी आणायला पिटाळलं होतं.

“चिकटवता येईल ना गं?” काकूंचा आवाज रडवेला झाला होता. “एवढी वर्षं निवडतेय, कधी काही मोडलं नाही. नेमकं हेच मोडायचं होतं!”

“येईल की. बघू इकडे.” मी भिंग डोळ्याला लावलं.

आणि ते पुसून पुन्हा लावलं.

तळाच्या थरातले ते सगळे लहान जबडे बोडके होते. दातांच्या जागी नुसते खळगे. सर म्हणाले होते, दात पडून पाण्याबरोबर वाहून गेले. हातापायांच्या हाडांना दोन्ही बाजूंची टोकं नव्हती. सर म्हणाले होते, पाण्यात घासली गेली. मी मान डोलावली होती. पण आता या फुटलेल्या जबड्याच्या आत, खळग्याच्या खाली, हाडात दडलेला एक दात मला दिसत होता. पांढराशुभ्र, टोकदार. त्यानं कधी काही चावलं नव्हतं, कारण तो अजून वरच आला नव्हता.

“काय झालं?” काकू म्हणाल्या. “बोल की.”

“दात आहे.”

“मग चांगलंच की! ते दात दात करत बसलेत कधीचे.”

“काकू, दात आत आहे. अजून यायचा आहे.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पोटाकडे पाहिलं. त्यांना जास्त सांगावं लागलं नाही.

“म्हणजे हे पिल्लू आहे,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आणि बाकीची?”

मी डबीतली बारीक हाडं एकेक करून भिंगाखाली घेतली. टोकं मोडलेली नव्हती आणि घासलेलीही नव्हती. ती तयारच व्हायची होती. लहान पिल्लाच्या हाडाचं टोक कूर्चेचं असतं, ते कुजून जातं आणि मधली दांडी तेवढी उरते. सगळ्या हाडांची गत तीच होती.

“सगळीच,” मी म्हटलं. “लहान जात नाही काकू. त्याच जातीची लहान पिल्लं आहेत.”

काकूंनी चिमटा पुसून डबीत ठेवला आणि हसल्या.

“सुटले बाई! नाहीतर जन्मभर लोक विचारत बसले असते, तुमच्यात आणि वाघळात काय सारखं दिसलं म्हणून.”

“सरांना कसं सांगायचं?”

“तू नको सांगूस. मी सांगते. उद्याचं तुझं जेवण होऊ दे, मग.” त्या उठल्या. “तू सांगितलंस तर ते पुरावा मागतील. मी सांगितलं तर ऐकणार नाहीत, पण निदान पुरावा तरी मागणार नाहीत.”

मला त्या क्षणी त्यांचं कौतुक वाटलं. किती सहज घेतलं या बाईनं, असं मनात म्हणत मी जबड्याचे तुकडे कापसात ठेवले.

दुसऱ्या दिवशी बायकांनी मला मोहाच्या झाडाखाली पाटावर बसवलं. गजरे कुठून मिळायला? पळस नुसता पेटलेला होता, म्हणून डोक्यापासून मनगटापर्यंत पळसाची फुलं. सोनाबाईनं स्वतः गुंफलेला मुकुट माझ्या डोक्यावर दाबून बसवला. “हालू नको पोरी, नाहीतर पोराचं नाक वाकडं होते,” ती म्हणाली. असं काही नसतं हे तिलाही माहीत होतं, पण मी खरंच हलले नाही.

तेवढ्यात काकूंना आठवलं, पेढा-बर्फी झाकायच्या वाट्या शाळेच्या खोलीत राहिल्या. आमचा मुक्काम तिथेच असायचा. वाढण्यात त्यांचे हात गुंतलेले, म्हणून मीच उठले. “बसून पाय आखडले,” म्हणत फुलांसकट खोलीवर गेले आणि काकूंची ट्रंक उघडली.

वाट्या वरच होत्या. त्यांच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी गोल होतं. मला वाटलं परात असेल. कागद सुटला आणि आतून नवी कोरी, पितळी कडेची चाळण निघाली. आमची जुनी चाळण विरत आली होती हे मला ठाऊक होतं. पण या चाळणीच्या कडेवर नाव घातलेलं होतं. आपल्याकडे भांड्यावर घालतात तसंच, ठिपक्याठिपक्यांनी. हिप्पोसिडेरोस कुमुदे.

मी तशीच खाली बसले. पोट नसतं तर कदाचित वाकून रडले असते.

“पाहिलंस वाटतं.” काकू घाईनं मागोमाग येऊन दारात उभ्या होत्या. हाताला श्रीखंड लागलेलं होतं.

“काकू...”

“मागे वणीला डाळ आणायला गेले होते ना, तेव्हा. भांडेवाला विचारतो, बाई, हे नाव कुणाचं? म्हटलं, माझंच. तो म्हणाला, असं कसं? म्हटलं, मोठं नाव आहे माझं, तुम्हाला नाही कळायचं.” त्या हसल्या, पण हसणं अर्ध्यावरच राहिलं. “शेवटच्या दिवशी त्यांच्या हातात द्यायची होती. म्हणून लपवली.”

“मला वाटायचं तुम्हाला याचं काही नाही.”

“अगं, काही नाही कसं? लग्न झाल्यापासून वाट पाहिली मी.” त्यांनी डोळे पुसायला हात वर नेला आणि श्रीखंडामुळे तसाच खाली घेतला. “पिशवीत टाक ही तुझ्या. परवा वणीवरून जाशील ना, तेव्हा त्याच्याकडून ते नाव घासून आण. आणि यांना कळू देऊ नकोस. आधीच त्यांना वाईट वाटणार आहे, त्यात हे नको.”

मी चाळण पिशवीत टाकली. दोघी झाडाखाली परत आलो.

काकूंनी दोन वाट्या झाकून पुढे ठेवल्या. एकीखाली पेढा, म्हणजे मुलगा. दुसरीखाली बर्फी, म्हणजे मुलगी. मी उजवीकडची उचलली. बर्फी! बायकांनी टाळ्या पिटल्या. आणि त्या गडबडीत देवपुजारी सर उठून उभे राहिले.

“आज आनंदाचा दिवस आहे,” ते म्हणाले, “तर आणखी एक बातमी देतो. तुमच्या या अंधारकोठीत एक नवीन वटवाघूळ सापडलंय. जगात कुणाला माहीत नसलेलं. आणि त्याचं नाव मी या बाईंच्या नावावरून ठेवणार आहे!”

“बाईच्या नावाचं वाघूळ?” सोनाबाई ओरडली. “साहेब, मंग बाईले घरात टांगून ठेवा आता!”

हसून हसून बायका लोळायला आल्या. सरांचा चेहरा नुसता फुलला होता. त्यांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. मी बर्फी हातात तशीच धरून काकूंकडे पाहिलं.

“बसा बरं खाली,” काकू म्हणाल्या.

“बसतो गं. आधी सांगू दे. आकारानं लहान, पण...”

“अहो,” काकूंनी त्यांचा हात धरला. “ती लहान जात नाही. ती बाळं आहेत.”

सर हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली.

“उल्का?”

“हो सर.”

“घेऊन ये.”

मी कापसातले तुकडे आणि भिंग आणून दिलं. सर झाडाच्या सावलीतून बाहेर उन्हात गेले आणि आमच्याकडे पाठ करून कितीतरी वेळ पाहत राहिले. काय झालंय ते बायकांना कळलं नव्हतं, पण काहीतरी मोडलंय एवढं कळलं होतं.

“कुणाच्या हातून फुटला?” सरांनी विचारलं.

“माझ्या,” काकू म्हणाल्या.

“तुझ्याच?”

“माझ्याच.”

सरांनी भिंग खाली घेतलं. “पहिल्या वर्षाच्या मुलालाही दिसलं असतं हे. मला दिसलं नाही. मला बघायचंच नव्हतं, कुमुद.” ते खूप थकलेले वाटले. मला वाटलं आता ते खोलीत जाऊन पडतील. पण ते तिथेच उभे राहिले आणि थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, “वरच्या थरांत पिल्लं आहेत?”

“नाहीत. एकही नाही. फक्त मोठी.”

“आजही नाहीत. मोठी वटवाघळं राहतात, पण माद्या व्यायला दुसरीकडे जातात.” सरांचा आवाज बदलला. “आणि तळाशी?”

“तळाशी पिल्लंच पिल्लं.”

सर माझ्याकडे बघत राहिले. मग एकदम मटकन पाटावर बसले. माझ्याच पाटावर.

“अगं, वटवाघळाचं पिल्लू जन्मतं तेव्हा अंगावर लव नसते. कोरड्या हवेत ते सुकून मरतं. म्हणून आया शोधून शोधून उबदार, दमट गुहा काढतात आणि शेकड्यांनी एकत्र बाळंत होतात. ज्या पिल्लाची पकड सुटते ते खाली पडतं. ही तीच आहेत.” ते बोलता बोलता उठले. “म्हणजे तेव्हा ही कोठी बारा महिने ठिबकत होती. वर जंगल होतं. मग पाऊस कमी झाला, कोठी कोरडी पडली आणि आया यायच्या थांबल्या. मोठी वटवाघळं काही सांगत नव्हती. बाळं सांगतायत!” त्यांनी काकूंचे दोन्ही खांदे धरले. “पाऊस होता गं इथे, कुमुद! होता!”

“होता ना? मग झालं तर,” काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते. श्रीखंडाचा हात धुतलेला नव्हता, म्हणून मीच माझ्या पदरानं पुसले.

मग सरांना बाकीचं आठवलं. चेहरा उतरला.

“पण तुझं...”

“जेवा आता. पुऱ्या गार होतायत.”

दुसऱ्या दिवशी शेवटची पोती धुवायची होती. डोहात पाणी गुडघाभरच उरलं होतं. अर्ध्यावर आलो आणि जुन्या चाळणीची जाळी फाटली. सर इकडेतिकडे बघायला लागले आणि काठावर ठेवलेल्या माझ्या पिशवीतून पितळेची कड बाहेर डोकावत होती.

“ही नवी आहे की! लपवून काय ठेवलीस?”

मी पाण्यातून बाहेर येईपर्यंत त्यांनी ती ओढून काढली होती. त्यांनी कड फिरवली. वाचली. पुन्हा फिरवली. काकू नाल्याच्या वरच्या अंगाला भांडी घासत होत्या, त्यांना काही दिसलं नाही.

“वणीहून?” सरांनी हळूच विचारलं.

मी मानेनंच हो म्हटलं.

सरांनी चाळण पाण्यात बुडवली आणि उरलेली सगळी माती तिनंच चाळली. मला हातही लावू दिला नाही.

दुपारी बायका मजुरी घेऊन घरी गेल्या. मी सामान बांधत होते. सर मोहाखाली आमच्याकडे पाठ करून बसले होते आणि त्यांच्या हातात हाडं साफ करायची पोलादी सुई होती. पितळेवर सुईचा करकर आवाज येत होता. मला वाटलं, नाव खोडतायत. मला त्यांचा राग आला. निदान ते काम तरी त्यांनी माझ्यावर सोपवायला हवं होतं, असं वाटलं.

मग ते उठले आणि चाळण काकूंच्या मांडीवर आणून ठेवली.

काकू दचकल्या. माझ्याकडे रागानं पाहिलं. मग त्यांनी कड वाचली. मीही वाकून पाहिली. भांडेवाल्यानं घातलेलं नाव तसंच होतं, हिप्पोसिडेरोस कुमुदे. आणि त्याच्यामागे, सुईनं कोरलेल्या वेड्यावाकड्या अक्षरांत, देवपुजारी. त्याच्यापुढे साल.

काकूंना त्या रीतीचा अर्थ माझ्याइतकाच कळत होता. आयुष्यभर सरांचे शब्द ऐकले होते त्यांनी.

“अहो, पण अशी जातच नाही ना?”

“नाही.”

“मग हे कशाला केलंत? तुम्हीच सांगता ना, चूक कायमची नावावर राहते म्हणून?”

“राहू दे,” सर म्हणाले. “ही राहू दे.”

काकूंनी चाळण उन्हाकडे धरली. सरांची अक्षरं खालीवर झालेली, शेवटची वेलांटी तर कडेवरून घसरून गेली होती.

“अक्षर मेलं अजून वाकडंच आहे तुमचं,” त्या म्हणाल्या, आणि पदराच्या टोकानं ती कड पुसत बसल्या.